पाचवी कोणाची

ताई जिना चढता चढता मनाशी वाक्य जुळवत होती आणि दर मजल्यावर ते बिघडत होतं. ‘पाचवी आपल्याला मिळाली.’ आपल्याला म्हणजे कोणाला? ‘पाचवी माझ्याकडे आली.’ हे तर आईच्या घरात, भावजयीच्या तोंडावर, मुद्दाम खिजवल्यासारखंच झालं. या एका इयत्तेसाठी तिने वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. शुक्रवारी हुकूम हातात पडला तेव्हा ती शाळेच्या व्हरांड्यात एकटीच हसली होती. हसता हसताच तिला आठवलं, की पलीकडच्या हायस्कुलात पाचवीला शिकवणारी बाई म्हणजे आपल्याच धाकट्या भावाची बायको. तेव्हापासून जे डोकं धरलं होतं ते रविवार दुपारपर्यंत सुटलं नव्हतं.

दार धाकट्यानेच उघडलं. घरात त्याला सगळे फ्यूज म्हणत; लहानपणी तो जितक्या पटकन उडायचा तितक्याच पटकन अजूनही उडे. धंदा लिफ्टदुरुस्तीचा.

“या, मुख्याध्यापकबाई,” तो म्हणाला. “लूट पोचली का घरी?”

“कोणी सांगितलं?”

“तू तर नाहीच सांगितलंस.”

ताईने चपला काढायला जरा जास्तच वेळ घेतला.

आत आई आरामखुर्चीत काळा चष्मा लावून पडली होती. डोळ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते आणि डॉक्टरांनी वाकायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही असं बजावलं होतं. शेजारी दादा हातात थेंबांची बाटली घेऊन घड्याळाकडे बघत बसला होता. दादा शिक्षण खात्यात अधिकारी होता आणि थेंबसुद्धा तो वरून मंजुरी आल्यासारखेच घाली. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते. भांडी इतक्या जोरात एरवी घासली जात नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

“बस,” दादा म्हणाला. “आणि हे बघ, तो विषय आज नको. आईला त्रास होईल.”

“आईला काही होत नाही,” आई म्हणाली. “डोळे मिटलेत. कान उघडे आहेत. बोला.”

फ्यूज खुर्ची ओढून मधोमध बसला. “मी अडाणी माणूस. बारावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. मला एकदा नीट समजावून सांगा, पाचवी नक्की कोणाची?”

“प्रश्न तसा सरळ नाही,” दादाने सुरुवात केली. “पहिली ते चौथी पालिकेच्या प्राथमिक शाळेत. पाचवी ते दहावी खात्याच्या हायस्कुलात. आता नवीन धोरणानुसार पहिली ते पाचवी हा एक टप्पा, सहावी ते आठवी दुसरा, नववी-दहावी तिसरा. त्यामुळे पाचवीचा वर्ग प्राथमिक शाळेस जोडण्याबाबतची कार्यवाही…”

“घरात कार्यवाही म्हणू नकोस रे,” आई म्हणाली.

“म्हणजे असं,” फ्यूज म्हणाला, “की चौथ्या मजल्यापर्यंत एका कंपनीची लिफ्ट आणि पाचव्यापासून दुसऱ्या कंपनीची. मधे माणसाने उतरायचं आणि काय करायचं?”

“दाखला काढायचा,” ताई म्हणाली. “नेमकं तेच तर मी ओरडत होते इतकी वर्षं! एकच मैदान, मधे एक भिंत. भिंतीच्या अलीकडे माझी चौथी, पलीकडे त्यांची पाचवी. पण पोराला तिकडे जायला माझ्याकडून दाखला, तिकडे नवा अर्ज, नवी रांग. ज्यांच्या आईबापांना सुट्टी मिळत नाही त्यांची पोरं दाखला घेऊन जातात आणि पलीकडे पोचतच नाहीत. दरवर्षी जातात अशी. मी विचारलं की पालिका म्हणते, तुमच्या पटावरून मूल कमी झालं, तुमचा संबंध संपला. खातं म्हणतं, आमच्या पटावर आलंच नाही, आमचा संबंध सुरूच नाही. मग ते पोर आहे कुणाच्या पटावर?”

“विषय आमच्या विचाराधीन होता,” दादा म्हणाला.

“तुझ्या विचाराखाली पोरं मोठी झाली, दादा. त्यातली एक कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात उभी असते. मी दिसले की आत जाते.”

भांड्यांचा आवाज थांबला. भावजय पदराला हात पुसत दारात आली. लग्न ठरवताना तिने “मी हायस्कूलला आहे” असं इतक्या ठसक्यात सांगितलं होतं, की घरात तिच्यामागे तिचं नावच हायस्कूल पडलं होतं. ते तिला माहीत होतं आणि आजवर तिला त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नव्हतं.

“ताई, पोरांचं तुमचं खरं आहे,” ती म्हणाली. “मी नाही म्हणतच नाही. फक्त मला चित्रकलेच्या सरांनी स्टाफरूममध्ये हात पुढे करून सांगितलं, ‘अभिनंदन, तुमची पाचवी गेली.’ सगळ्यांसमोर. मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले हो.”

“मी आज सांगणारच होते,” ताई म्हणाली.

“शुक्रवारी फोन होता ना तुमच्याकडे?”

“होता.”

“झालं तर,” भावजय म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

फ्यूज उडाला. “आता हिचं काय होणार? अतिरिक्त! शब्द तरी बघा. ताटात उरलेल्या भातासारखा. दादा, तू सांग, काय होणार?”

दादाने बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. दोन रस्ते होते म्हणे. पाचवी गेली की हायस्कुलात एक शिक्षिका जास्त ठरणार. ती खात्याच्या दुसऱ्या ज्या शाळेत जागा रिकामी असेल तिथे जाईल, मग ती शहराच्या या टोकाला असो की त्या. नाहीतर पालिकेच्या प्राथमिक शाळेत समायोजन. पगार तोच. पण तिथली ज्येष्ठता शून्यापासून. काल आलेली पोरगी तिच्यावर.

“आणि तिथली मुख्याध्यापिका नणंद!” फ्यूज म्हणाला. “वा! घरी नणंद, शाळेत नणंद. हिने श्वास कुठे घ्यायचा, जिन्यात?”

“मी काय हिला खाते का?” ताईचा आवाज चढला.

“खात नाहीस. तपासतेस.”

हे इतकं खरं होतं, की दादाला हसू आलं आणि ते लपवायला तो खोकला. मग तो घसा साफ करून, आवाज उतरवून म्हणाला, “एक करता येईल. मी वर मार्गदर्शन मागवतो. खोल्या अपुऱ्या आहेत, शिक्षक दुसऱ्या आस्थापनेचे, यावर स्पष्ट मार्गदर्शन व्हावे. उत्तर येईपर्यंत जैसे थे. वर्ष जातं आरामात. कधी दोन.”

“हां!” फ्यूज म्हणाला. “हे माझ्या भावासारखं बोललास.”

दोघं भाऊ एकदम एका बाजूला झाले. लहानपणी खिडकीची जागा पकडताना व्हायचे तसेच. ताईला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. इतके खेटे, इतके अर्ज, इतक्या बाकड्यांवर बसून काढलेल्या दुपारी, आणि सख्खा भाऊ एका मार्गदर्शनात सगळं गोठवून टाकणार. हुकूम तरी त्याच्याच खात्याने काढलेला!

“खबरदार मार्गदर्शन मागवलंस तर,” ती म्हणाली. “दादा, तुझ्या टेबलावर येऊन बसेन. उठणार नाही.”

“अगं, घरातल्या माणसासाठी…”

“त्याची वेळ झाली का बघ,” आई मधेच म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“थेंबांची. झाली असेल तर घाल आणि मग गप्प बसा जरा. मला बोलायचंय.”

दादाने चष्मा काढून थेंब घातले. आई डोळे मिटूनच बोलायला लागली, छताकडे तोंड करून.

“माझ्या वेळी सातवीपर्यंत एकच शाळा होती. मला सातवी होती. मग भिंतीपलीकडे हायस्कूल काढलं आणि तुमच्या बाबांना तिथले मुख्याध्यापक केलं. हायस्कुलाला पोरं कमी पडत होती. पोरं कमी म्हणून मास्तर मंजूर होईनात. तेव्हा त्यांनी वर लिहिलं, पाचवी, सहावी, सातवी आमच्याकडे द्या. मिळाली. एक दिवस मी वर्गात शिकवतेय आणि शिपाई बाक उचलायला आला. मी विचारलं, अरे हे कुठे? तो म्हणाला, साहेबांनी सांगितलंय. कोणत्या साहेबांनी? तर म्हणाला, बाई, तुमच्या.”

दादाने हातातली बाटली खाली ठेवली.

“पण तुला तर मोठी शाळा मिळाली होती ना?” दादाने विचारलं. “बाबा तसंच सांगायचे. बढती म्हणून.”

“दोन बस बदलून जावं लागे तिला बढती म्हणतात होय? मोठी होती खरी. खोल्या मोठ्या होत्या. आणि मला पहिली दिली. सातवीची बाई मी, शेंबडं पुसत बसले. तुम्ही संध्याकाळी दारात कुरकुरत उभे असायचे, आई उशिरा का येते म्हणून.”

“तू कधी बोलली नाहीस,” ताई म्हणाली.

“ते वाईट नव्हते गं. त्यांना बरोबरच वाटत होतं. हायस्कूल उभं राहायला हवं होतं, ते राहिलं. तुलाही बरोबर वाटतंय. हा दादासुद्धा मार्गदर्शन मागवणार म्हणजे त्यालाही काहीतरी बरोबर वाटत असणार. मला ना, या घरातल्या बरोबर वाटणाऱ्या माणसांचा फार कंटाळा आलाय.” तिने चष्मा चाचपडला आणि लावला. “आणि आता मला रडू येतंय ते मला येऊ द्यायचं नाहीये, तेव्हा कोणीतरी चहा करा.”

चहा करायला ताई उठली. तिथे बसून राहणं तिला शक्यच नव्हतं. दादाची नजर चुकवत ती स्वयंपाकघरात शिरली. भावजय ओट्याला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं हे उघड होतं. तिने पातेलं पुढे केलं. ताईने पाणी मोजलं, परत ओतलं, परत मोजलं.

“दादा मागवतोय मार्गदर्शन,” ताई शेवटी म्हणाली. “तुला तेच बरं वाटत असेल तर… माझा जीव जाईल, पण सांग.”

“नको. वर्षभर रोज सकाळी ‘आज येतंय का उत्तर’ करत शाळेत जायचं? त्यापेक्षा ते एकदाच होऊन जाऊ दे.” भावजयीने साखरेचा डबा उघडला. “ताई, तुम्हाला एक सांगते. मी सगळ्यांना सांगत असते मी हायस्कूलची. हायस्कुलात मला कोणी हायस्कूलची समजत नाही. मी पाचवीची बाई. बैठकीत दहावीचं बोलणं चालतं, मला चहा सांगायला पाठवतात. पण मला पाचवीच आवडते. तुमच्याकडची पोरं येतात ना, पहिले आठ दिवस नुसती बावरलेली असतात. तासाला घंटा झाली की मास्तर बदलतो, ती आपली दाराकडे बघत बसतात, आता कोण येणार म्हणून. त्यांना मी हळूहळू माणसात आणते. नुसतं तेवढंच येतं मला. मी नववीला जायला एकदाही अर्ज केलेला नाही, माहितीय तुम्हाला?”

ताईला माहीत नव्हतं. तिला तर उलटंच वाटत आलं होतं.

“मग ये ना माझ्याकडे.”

“कशी येऊ? अतिरिक्त म्हणून? इकडे नको झाली, तिकडे ठेवून घेतली? आणि तुमच्या स्टाफमध्ये सगळ्या म्हणणार, भावजयीची सोय केली.” तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं. “मला मागून घ्या. हायस्कुलात येऊन, त्या स्टाफरूममध्ये, सगळ्यांदेखत. हवी आहे म्हणून मागा. मग येते. दुसरीचा वर्ग दिलात तरी येते.”

“तसा नियम नाही,” दारातून दादाचा आवाज आला. तो कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. “मुख्याध्यापकाला व्यक्ती मागता येत नाही. फक्त पद मागता येतं. व्यक्ती कार्यालय पाठवतं.”

ताई गर्रकन वळली. “म्हणजे माणूस नकोसा करायला नियम आहे आणि हवासा करायला नाही?”

“मी नियम सांगतोय.”

“तू सांगत राहा. चहा उतू जातोय तो तेवढा बघ.”

सोमवारी मधल्या सुट्टीत ताई हायस्कुलात गेली. दोन शाळांमधल्या भिंतीला एक फाटक होतं, पण त्याचं कुलूप पालिकेचं की खात्याचं हे ठरलेलं नसल्यामुळे ते कोणी उघडत नसे. रस्त्याने वळसा घालून जावं लागे. स्टाफरूममध्ये सगळे डबे उघडून बसले होते. मुख्याध्यापकही होते, गोरेगोमटे, गोड बोलणारे गृहस्थ. भावजय कोपऱ्यात खिडकीशी होती. ताईला पाहून तिच्या हातातला घास तसाच राहिला.

रात्रभर जुळवलेलं सगळं ताई विसरली. “तुमच्या पाचवीच्या बाई मला हव्यात,” ती दारातूनच म्हणाली. “वर्ग माझ्याकडे येतोय. पण त्या आल्या नाहीत तर नुसती पोरं घेऊन मी काय करू? पाचवी माझ्याकडे कोणालाच शिकवता येत नाही. मलासुद्धा नाही. म्हणून मागायला आलेय.”

“अहो, घेऊन जा की,” मुख्याध्यापक हसून म्हणाले. “पाचवीच्या बाई, आमचं काय अडतंय!”

हे ऐकून ताईचं डोकंच फिरलं. “तुमचं अडत नाही हेच तर आम्हाला दिसतंय,” ती म्हणाली. “दरवर्षी सहावीत किती गळतात ते पाहिलंत का कधी? पाचवीत जी टिकतात ती या बाईंमुळे. चहा सांगायला आता दुसरं कोणीतरी बघा.”

चित्रकलेचे सर डब्यात बघत राहिले. भावजयीने घास तोंडात घातला आणि खिडकीबाहेर बघत सावकाश चावत राहिली. तिचे कान मात्र लाल झाले होते.

इतकं करूनही काम सरळ झालं असं नाही. पालिका म्हणाली, शिक्षिका खात्याची, आम्ही कशी घेणार? खातं म्हणालं, वर्ग पालिकेचा, आम्ही कशी देणार? दादाने आपल्या टेबलावर आलेलं प्रकरण ‘संबंधित माझ्या नात्यातील असल्याने’ असं लिहून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सरकवलं. त्याबद्दल फ्यूजने त्याच्याशी महिनाभर अबोला धरला. तो दुसरा अधिकारी रजेवर गेला. शाळा सुरू झाली. पाचवीची पोरं आली, फाटकाशी न थांबता, दाखला न काढता, चौथीच्या वर्गातून नुसती उठून शेजारी बसायला. पण शेजारी खोली नव्हती आणि बाईही नव्हत्या. मग ताईने आपल्या कार्यालयातली कपाटं हलवली, तिथे बाक लावले आणि स्वतःचं टेबल व्हरांड्यात आणलं. पाचवीला ती स्वतः शिकवू लागली. हजेरीला चाळीस, आणि प्रत्येकाला एकाच वेळी काहीतरी विचारायचं असे. संध्याकाळी ती घरी जाऊन उशीत तोंड खुपसून पडे.

दरम्यान चौथीच्या जुन्या बाई रुसल्या. नवा वर्ग ज्येष्ठतेने आपल्यालाच मिळणार असं त्या धरून होत्या. “बाहेरून येणारीला द्यायचा म्हणजे नात्यातलीच ना,” त्या तोंडावर म्हणाल्या. ताईने त्यांना एक दिवस पाचवीवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, “चौथीच बरी.”

समायोजनाचा आदेश पावसाळा सरत आला तेव्हा निघाला. भावजय एका बुधवारी आली, हजेरीपटावर सही केली, पट घेतला आणि वर्गात गेली. ताईला ना नमस्कार ना काही. ताईला क्षणभर राग आला. मग आत एकदम शांतता झाली आणि कुणीतरी वाचायला लागलं, अडखळत, पण मोठ्याने.

महिन्याभराने दादा तपासणीला आला. या वेळी नातं आडवं येत नव्हतं. तपासणी सगळ्याच शाळांची होती. व्हरांड्यात टेबल पाहून तो थबकला.

“मुख्याध्यापकांचं कार्यालय कुठेय?”

“हे काय.”

“हे नियमात नाही. कार्यालय बंदिस्त हवं. अभिलेख कुलपात हवेत.”

“मग खोली दे ना!” ताई उसळली. “तुझ्याच हुकुमाने पाचवी आली, खोली कुठे आली? पालिका म्हणते खातं बांधेल, खातं म्हणतं जागा पालिकेची. मी काय पोरांना झाडावर बसवू? लिही तुझ्या अहवालात, लिही! कार्यालय उघड्यावर, मुख्याध्यापिका उघड्यावर, आणि अधिकारी…”

मागचं दार उघडलं. भावजय बाहेर आली. हातात खडू, साडीवर खडूची पांढरी बोटं. तिने दादाकडे पाहिलंच नाही.

“मॅडम,” ती म्हणाली, “जरा हळू. वर्ग चालू आहे.”

दार लागलं.

ताईचं तोंड उघडंच राहिलं. या व्हरांड्यात तिला आजवर कोणी हळू बोलायला सांगितलं नव्हतं. पालिकेच्या अध्यक्षांनीसुद्धा नाही. दादा तिच्याकडे बघत होता. आता ती कोणावर बरसते, याची वाट बघत.

ताईने तोंड मिटलं. टेबलावरचे कागद उचलले, दादाच्या बाहीला धरलं आणि त्याला ओढत मैदानाकडे नेलं.

“चल,” ती कुजबुजत म्हणाली. “तिकडे भांडू.”